बुलबुलच्या डायरीतले रिकामे दिवस

आधी माफी मागतो. मराठीत काही लिहावं एवढी माझी तयारी नाही. माझं शिक्षण हिंदीतून झालं. मराठी घरात ऐकली, आईच्या तोंडून, आणि वाचायला शिकलो ते विहारात मिळणाऱ्या पुस्तिकांवरून. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं दाखवायचं कोणाला हाही प्रश्न होता. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "जे झालं ते तसंच लिही. सजवू नकोस. सजवण्याचा अनुभव तुला आहेच."

त्या हसत म्हणाल्या, पण ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. म्हणून लिहितो आहे.

आम्ही हिंदी मुलखातल्या एका शहराच्या कडेला, रांझीत राहतो. बाबा फॅक्टरीत ठेकेदाराकडे लाकडी पेट्या रंगवतात. आई बहिणीच्याच सरकारी प्राथमिक शाळेत मुलांचं दुपारचं जेवण शिजवते. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गल्लीत कॉलेजात पोचलेला पहिला मुलगा मीच, म्हणून बारावीनंतर गल्लीचे सगळे फॉर्म माझ्याकडे येऊ लागले. रेशन कार्ड, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, कोणाच्या आजीची पेन्शन. लोक मला "फॉर्मवाले भैया" म्हणतात. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

फॉर्म भरण्याचा माझा एकच नियम होता. चौकट रिकामी ठेवायची नाही. एकदा शेजारच्या काकांसोबत कार्यालयात गेलो होतो. तीन तास रांगेत उभे राहिलो, आणि एक चौकट रिकामी राहिली म्हणून खिडकीतून कागद तसाच परत आला. काका नुसते कागदाची घडी करत राहिले. त्या दिवसापासून मी काही सोडत नसे. लागू नसेल तिथे रेघ, माहीत नसेल तिथे अंदाज. कोणाला जन्मतारीख ठाऊक नसली तर एक जुलै. माझ्या अंदाजाने गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं एक जुलैलाच जन्मली आहेत. कोणी कधी तक्रार केली नाही.

बहीण दुसरीत असताना शाळेत बाईंनी बुलबुलचा गट सुरू केला. स्काउट-गाइडमधल्या सगळ्यात लहान मुली म्हणजे बुलबुल, त्याच वयाची मुलं म्हणजे कब. दहा वर्षं पूर्ण झाली की ते संपतं, मग मुली गाइडमध्ये जातात. बाई इथल्या जुन्या मराठी घरातल्या, कित्येक पिढ्यांपासून या शहरातल्या. त्यांची मराठी पुस्तकासारखी. आमच्या घरची ऐकून त्या कधी हसल्या नाहीत.

गटात घेताना मुलीला वचन द्यावं लागतं, ईश्वराबद्दल, देशाबद्दल, आणि रोज एक भलं काम करण्याबद्दल. ते ऐकून बाबा शाळेत गेले. "मॅडमजी, आमच्या घरात ईश्वर नाही म्हणत. मग कसं?" बाई म्हणाल्या, ईश्वराच्या जागी धर्म म्हटलं तरी चालतं, तशी मुभाच आहे. बाबा परत आले ते ताठ मानेनेच. आईला म्हणाले, "विचारून ठेवलं असेल कोणीतरी आपल्यासाठी आधीच."

बुलबुलच्या वाटेत चार पायऱ्या असतात, त्यांना पंख म्हणतात. कोमल पंख, रजत पंख, स्वर्ण पंख आणि शेवटचा हीरक पंख. प्रत्येकासाठी कामांची यादी. गाठी बांधा, बटण शिवा, खरचटलं तर काय करायचं ते सांगा, एक रोप वाढवा, निरोप पोचवा. यादी पाहून मला हसू आलं होतं. असल्या कामांना प्रमाणपत्र कशाला, असं वाटलं. लहान मुलांची बक्षिसं आईबापांना खूश करायला असतात, आणि पुढे कधी फाइलला लावायला उपयोगी पडतात, एवढीच माझी समजूत होती.

पण घरात जे दिसत होतं ते वेगळं होतं. माझी बहीण अशी, की पाहुणे आले तर आईच्या मागे लपायची, आणि पाहुणे गेले की त्यांची नक्कल करायची. ती खाटेच्या दोरीवर गाठी बांधत बसू लागली. बाबांच्या कामाच्या शर्टाला तिने बटण लावलं ते इतकं आवळून की कॉलर गोळा झाली. बाबा तोच शर्ट घालून गेले. "आता शर्ट फाटेल पण बटण नाही सुटणार," म्हणाले. "आमच्या पेट्यांची एवढी तपासणी होत नाही, जेवढी या पोट्टीची होऊन राहिली."

तेलाच्या डब्यात तिने मिरचीचं रोप लावलं. त्याला पहिली मिरची आली तेव्हा आईला तोडू दिली नाही.

निरोपाचं तर विचारूच नका. बाईंनी शिकवलं होतं की आधी सांगायचं निरोप कोणाकडून, मग कोणासाठी, मग निरोप, आणि ऐकणाऱ्याकडून तो पुन्हा म्हणवून घ्यायचा. म्हणवून घेतल्याशिवाय निरोप पोचला असं धरायचं नाही. एकदा आईने तिला शेजारी काकूंकडे कुकर मागायला पाठवलं. दारातून आवाज येत होता.

"निरोप आईकडून. काकूंसाठी. संध्याकाळी कुकर पाहिजे, उद्या सकाळी परत देऊ. आता तुम्ही म्हणा."

"मी काय म्हणू?"

"जे मी म्हटलं ते."

"अगं बाई, कुकर मागून राहिली की साक्ष घेऊन राहिली?"

पण काकूंनी म्हटलं. तिने म्हणवूनच घेतलं.

तीन पंख तिला वेळेवर मिळाले. मला त्यातली एक गोष्ट हळूहळू आवडू लागली, ती अशी की इथे कोणी पहिलं-दुसरं येत नाही. जिला काम येईल तिला पंख. गटातल्या सगळ्या मुलींना मिळाला तरी कोणाचा कमी होत नाही. मी ज्या शर्यतींतून आलो त्यांत कोणीतरी मागे राहिल्याशिवाय माझा नंबर लागत नव्हता. हे बरोबर सांगतो आहे की नाही, ठाऊक नाही, पण तिचा रजत पंख आला त्या दिवशी तिच्या मैत्रिणींच्या तोंडांवर मी तिच्याइतकाच आनंद पाहिला होता.

हीरक पंखासाठी भल्या कामांची डायरी लागायची, तीन महिन्यांची. बाईंनी पट्टीने चौकटी आखून दिल्या होत्या, एका दिवसाला एक. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची, भलं काम झालं की सोडायची, आणि रात्री जेवणाआधी चौकटीत लिहायचं. शाळा नसली तर गाठ रुमालाला. सांगितलेलं घरकाम भलं काम धरायचं नाही, हाही नियम. हे सगळं ती माझ्याशी कमीच बोलायची, कारण मी हसायचो.

तिचा दहावा वाढदिवस जानेवारीच्या शेवटाला होता, आणि चाचणीचं शिबिर डिसेंबरात. म्हणजे तिच्यासाठी हे शेवटचंच. पुढच्या शिबिरापर्यंत ती बुलबुल राहणार नव्हती. दिवाळीपासून घरात हाच विषय होता. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिने शिबिराच्या तीन तारखांभोवती पिसं काढली होती.

शिबिराच्या आदल्या दुपारी ती बुलबुलचा निळा फ्रॉक घेऊन प्रेसवाल्याकडे गेली. डायरी खाटेवर होती. मी सहज उघडली. एकोणीस चौकटी रिकाम्या. कुठे तिला ताप होता ते दिवस, कुठे विसरली असेल, कुठे काय कोण जाणे. मला काकांचा तो घडी केलेला कागद आठवला.

मी तिची पेन्सिल घेतली, तिच्यासारखीच बोथट केली, आणि भरायला बसलो. तिची अक्षरं उजवीकडे पडतात, तशी पाडली. मधेच एक शब्द लिहून खोडरबराने पुसला, खरं वाटावं म्हणून. शाळेचं सगळं हिंदीत, तेव्हा हिंदीतच लिहिलं. "एक दादी को सड़क पार कराई." हे चार वेळा, रस्ते बदलून. "प्यासे कुत्ते को पानी पिलाया." "अंकल का गिरा हुआ झोला उठाकर दिया." वीस मिनिटांत काम झालं. एवढा सुंदर फॉर्म मी आयुष्यात भरला नव्हता. डायरी तिच्या दप्तरात ठेवली आणि तिला काही सांगितलं नाही. तीन महिने आदल्या रात्रीच पूर्ण झाले होते, आता डायरी शिबिराच्या शेवटच्या दिवशीच लागणार होती, आणि मी मनात म्हटलं, पास झाली की सांगू.

शिबिर सिव्हिल लाइन्समधल्या एका मोठ्या शाळेच्या मैदानात होतं. मुलं सकाळी जात, संध्याकाळी परत. तिसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती, म्हणून मी तिच्यासोबत बसने गेलो. पालकांना कठड्याबाहेर थांबवलं होतं. आत कडुनिंबाखाली एक वयस्क परीक्षक सर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले होते, गुडघे छातीपर्यंत आलेले. मुली एकेक करून जात होत्या. शेजारी उभ्या असलेल्या एका बापाने मला विचारलं, "भैया, इस सर्टिफिकेट से आगे होता क्या है?"

मी जाणकारासारखं सांगितलं, "फाइल में लगता है."

मग तिचा नंबर आला. गाठी झाल्या. मिरचीच्या रोपाबद्दल सरांनी काहीतरी विचारलं, ती हाताने उंची दाखवत होती. निरोप झाला. सर स्वतः तो पुन्हा म्हणाले, तेव्हा ती हसली. मग त्यांनी डायरी उघडली. अंतर जास्त नव्हतं, सगळं ऐकू येत होतं.

"अरे वाह. एक भी दिन खाली नहीं? ये दादी कौन थीं, जिनको सड़क पार कराई?"

ती वाकून पाहू लागली. पान उलटलं. अजून एक उलटलं. मी कठडा धरला. मनात म्हणत होतो, काहीही सांग, शेजारची सांग, ओळखीची नव्हती सांग.

"सर, ये मैंने नहीं किया," ती म्हणाली. "उस दिन तो मैं रोड पे गई ही नहीं. मुझे बुखार था."

"फिर किसने लिखा?"

तिने कठड्याकडे पाहिलं. बोट दाखवलं नाही, नुसतं पाहिलं. सरांनीही पाहिलं. मग बाईंनी मला आत बोलावलं.

आधी सरांनी तिलाच विचारलं, "बेटा, चुप रहतीं तो पास थीं. क्यों बोल दिया?"

"आपने पूछा ना," ती म्हणाली. "कोई दादी थी ही नहीं."

मग माझ्याकडे वळले. "कॉलेज में पढ़ते हो?"

"जी."

"ये तुमने भरा?"

"जी. खाली था, इसलिए."

त्यांनी चष्मा काढून पुसला. रागावतील तर बरं, असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "खाली रहता तो मैं अभी साइन कर देता."

बाई हळूच म्हणाल्या, "मी शिबिराआधीच पाहिली होती डायरी. त्या चौकटी रिकाम्या होत्या म्हणूनच मी निश्चिंत होते."

ही डायरी चालणार नाही, हे सरांनी स्पष्ट सांगितलं. बाईंनी तिच्या वयाचं सांगितल्यावर त्यांनी बोटांवर दिवस मोजले. वाढदिवसाला चौतीस दिवस होते. बाकीच्या चाचण्या मान्य. तीस दिवसांची नवी डायरी, दहा वर्षं पूर्ण होण्याआधी त्यांच्या हातात. मग दोन्ही डायऱ्या कागदांसोबत भोपाळच्या राज्य कार्यालयात जातील आणि निर्णय तिथे होईल. "जुनी पण?" बाईंनी विचारलं. "ती पण," सर म्हणाले. "जे झालं ते लपवून कसं पाठवणार?" आणि मंजूर होईलच असं वचन आपण देऊ शकत नाही, हेही म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली. मी शेंगदाणे घेतले. तिने पुडी घेतली आणि सगळे खाल्ले.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ हातावरचा रंग नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "मी पेटीवर रंगाचा दुसरा हात मारला नसला, तर मारला म्हणून नाही सांगत. कोणी पाहत नसलं तरी. तू काहून असं केलं?"  तिच्या भल्यासाठी, असं म्हणवेना.

पुढचे दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी समोर असलो तरी आईलाच सांगायची, "फॉर्मवाल्या भैयाला म्हण, जेवायला ये." किंवा, "त्यांना म्हण, माझी पेन्सिल त्यांच्याजवळ नको." आई दोघांच्या मधे बसून पोळ्या वाढायची आणि ओठ दाबून हसायची.

पण त्या दिवसांत मी पहिल्यांदा नीट पाहिलं की ती करते काय. चार आजींना रस्ता ओलांडून देणारी, मी डायरीत रचलेली मुलगी कुठेच नव्हती. ही पंक्चरच्या दुकानासमोर पडलेले खिळे वेचून दुकानदाराच्या डब्यात टाकायची. वर्गातल्या एका मुलीला घड्याळ कळत नव्हतं, तिला मधल्या सुट्टीत शिकवायची. काकूंची चप्पल उन्हातून सावलीत सरकवून ठेवायची. एवढीशी कामं. मी वीस मिनिटांत एकोणीस सुचवली होती, तिला एक सापडायला कधी कधी पूर्ण दिवस लागायचा. आणि कधी सापडायचंच नाही. मग जेवायच्या आधी ती डायरी उघडायची, चौकटीकडे पाहायची, आणि मिटून ठेवायची. रुमालाची गाठ तशीच. तिला त्याची लाज वाटत नव्हती. लाज मला वाटायची, तिच्या रिकाम्या चौकटीची नाही, माझ्या भरलेल्यांची.

नव्या डायरीच्या बाविसाव्या दिवशी संध्याकाळी मी ओट्यावर बसलो होतो. पुस्तक उघडं होतं पण वाचत नव्हतो. ती बाहेर आली, थोडा वेळ उभी राहिली.

"काहून बसला असा?" ती म्हणाली. "जेवून घे. आईने वांगं केलं."

मी उठलो. ती आत गेली, डायरी काढली, लिहिलं, आणि बाहेर येऊन माझ्यासमोर धरली. "आज भैया से बात की."

"हे भलं काम झालं?" मी विचारलं.

"तुले नाही समजणार," ती म्हणाली. "खूप कठीण होतं." आणि तिथेच बसून रुमालाची गाठ सोडली.

तीस दिवसांत चार चौकटी रिकाम्या राहिल्या. वाढदिवसाच्या दोन दिवस आधी मीच डायरी घेऊन सिव्हिल लाइन्सला गेलो. सरांनी उभ्या उभ्याच वाचली. बाविसाव्या दिवसाच्या पानावर थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि सही केली. दोन्ही डायऱ्या लिफाफ्यात गेल्या.

त्यानंतर काहीच कळलं नाही. ती दहा वर्षांची झाली, गाइडच्या गटात गेली. बुलबुलचा फ्रॉक तिने गल्लीतल्या एका लहान मुलीला दिला, बटणं आवळून. पहिले काही आठवडे रोज बाईंना विचारायची, भोपाळहून काही आलं का. मग विचारणं सोडून दिलं. मी मात्र सोडलं नाही. आईला न सांगता दर शनिवारी शाळेच्या फाटकाशी जायचो. बाई मान हलवायच्या. माझ्या एकोणीस ओळी त्या लिफाफ्यात होत्या, हे मला झोपू देत नव्हतं.

फॉर्म मी अजूनही भरतो, पण आता जास्त वेळ लागतो. परवा एका आजींना जन्मतारीख विचारली. त्या म्हणाल्या, "लिहून टाक काहीही." मी म्हटलं, आपण आधी तुमच्या भावाला विचारू. त्या वैतागल्या. भावाला फोन लावला तर तो म्हणाला, ज्या साली विहीर खणली त्या उन्हाळ्यात. तेव्हा निदान एक जुलै नव्हता, एवढं कळलं.

जुलैच्या सुरुवातीला कॉलेजच्या कामासाठी आम्हा काही मुलांना आमच्या शहराजवळच्या पाटण गावी नेलं होतं, बाजारात आलेल्या शेतकऱ्यांकडून पिकांची माहिती भरून घ्यायला. मी एका ट्रॉलीला टेकून लिहीत होतो तेव्हा आईच्या मोबाइलवरून फोन आला. आजूबाजूला पोत्यांची चढउतार चालली होती.

"निरोप आहे," बहीण म्हणाली. आवाज एकदम सरळ, परीक्षेतला. "बाईंकडून. भैयासाठी."

"सांग."

"भोपाळहून कागद आला. हीरक पंख मंजूर झाला. दोन्ही डायऱ्या वाचल्या, असं त्यावर लिहिलं आहे."

 एक हमाल म्हणाला, "भैयाजी, ज़रा साइड." मी बाजूला झालो.

"हॅलो?" ती म्हणाली. "काहून चूप झाला? म्हण ना पुन्हा. नाही तर पोचला असं धरता येत नाही."

मग मी त्या बाजारात उभा राहून, तिने सांगितला तसाच, एकही शब्द न वाढवता म्हटला. निरोप बाईंकडून. माझ्यासाठी. भोपाळहून कागद आला. हीरक पंख मंजूर झाला. दोन्ही डायऱ्या वाचल्या.